गुप्तवार्ता विभागात जायचंय? आधी राखीव दलात ये

शिक्षण चालू असेल तर कॅनडाच्या सैन्यात आधी राखीव दलातच, म्हणजे अर्धवेळ सेवेतच ये, असं मी तुला आग्रहाने सांगेन. २०२२ पासून कायम रहिवासीही (पीआर असलेले, नागरिक नसलेले) अर्ज करू शकतात. टोरंटोत राखीव दलाची '२ इंटेलिजन्स कंपनी' ही गुप्तवार्ता तुकडी आहे. साधारण आठवड्यातली एक संध्याकाळ आणि काही शनिवार-रविवार जातात, परदेशी मोहिमेची सक्ती नसते. पूर्णवेळ झालास की बदली सांगतील तिथे.

खरी कसोटी सुरक्षा-चौकशीची, म्हणजे भरतीआधी होणाऱ्या तुझ्या पार्श्वभूमीच्या तपासणीची. भारतातले पत्ते, नातेवाईक, प्रवास, कर्ज, सगळं तारखांसह आत्ताच लिहून काढ आणि काहीही लपवू नकोस. परदेशी वास्तव्यामुळे चौकशी लांबते, धीर सोडू नकोस. तोवर रोज एक बातमी घेऊन पाच ओळी लिही: काय कळलं, कशावरून, कितपत खात्रीने. पुढे किंग्स्टनच्या सैनिकी गुप्तवार्ता शाळेतल्या प्रशिक्षणात हीच सवय कामी येईल.