वस्तीवर बंदूक ठेवायचीय, कुठली घेऊ आणि कायदा काय म्हणतो?

प्रश्न : नमस्कार वकीलसाहेब. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, बागेतच वस्ती, गाव लांब पडतं. घरात मी, बायको, दोन पोरं आणि म्हातारी आई. मागच्या महिन्यात शेजारच्या वस्तीवर रात्री चोर शिरले, म्हातारा-म्हातारीला मारून दागिने नेले, तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नाही. वडिलांची बारा बोरची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची छऱ्याची बंदूक, ट्रंकेत आहे, लायसन त्यांच्या नावावर होतं, ते वारून दीड वर्ष झालं. मेहुणा म्हणतो रिवॉल्व्हर घे, दुसरा एक म्हणतो गावठी कट्टा स्वस्तात मिळतोय. घरासाठी कुठलं हत्यार बरं? आणि चोर घरात आला तर गोळी घातलेली चालते का?

उत्तर : दादा, कुठलं घ्यायचं ते नंतर बोलू, आधी त्या ट्रंकेचं बघा. लायसन माणसाच्या नावावर असतं, तो गेला की ते संपतं, सातबाऱ्यासारखी वारसनोंद होत नाही त्याची. म्हणजे आज ती बंदूक तुमच्या घरात विनालायसन आहे, आणि विनालायसन बंदूक बाळगायला शस्त्र कायद्याच्या कलम 25 खाली कमीत कमी 2 वर्षं आणि जास्तीत जास्त 5 वर्षं शिक्षा आहे. वडिलांची आठवण म्हणून ठेवलीय हे मला कळतं, पण कायद्याच्या नजरेत फरक पडत नाही. कलम 21 सांगतं की विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस स्टेशनला नाहीतर लायसनवाल्या शस्त्र दुकानदाराकडे जमा करा. सोबत मृत्यूचा दाखला, जुनं लायसन आणि एक साधा अर्ज घेऊन जा, आणि पावती घेतल्याशिवाय परत येऊ नका. दीड वर्ष झालं म्हणून घाबरून गप्प बसू नका, आधी ओळखीच्या वकिलाला बरोबर घ्या, पण स्वतःहून जाणाऱ्या माणसाची बाजू नेहमी बरी असते.

जमा केली म्हणजे गेली असं नाही. वारस म्हणून तुम्ही स्वतःच्या नावावर लायसन मागू शकता, बाकीच्या वारसांची लेखी संमती जोडायची, आणि लायसन मिळालं की तीच बंदूक परत मिळते. नाहीच मिळालं तर लायसन असलेल्या माणसाला विकायची परवानगी मागता येते. काहीच केलं नाही आणि मुदत गेली तर मात्र ती सरकारजमा होते.

कट्ट्याचं नावसुद्धा काढू नका. केस होतेच, आणि ते हत्यार हातात फुटतं, बोटं जातात, डोळा जातो.

आता लायसन. सांगली काय नि सातारा काय, आपल्याकडे पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तुमच्यासाठी विजयनगरच्या कलेक्टर ऑफिसला. वय 21 पूर्ण पाहिजे, डॉक्टरचं शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं सर्टिफिकेट लागतं, हत्यार हाताळायचं ट्रेनिंग लागतं, आणि पोलीस रिपोर्ट येतो, त्यात तुमच्यावर केस आहे का, खरंच धोका आहे का हे बघतात. शेजारच्या वस्तीवरच्या चोरीच्या एफआयआरची कॉपी मिळाली तर अर्जाला जोडा. 2019 च्या दुरुस्तीपासून लायसन 5 वर्षांचं झालंय आणि एका माणसाला 2 च बंदुका ठेवता येतात, पूर्वी 3 होत्या.

आणि हत्यार कुठलं, तर माझं मत सरळ आहे, वडिलांची डबल बारच बरी. एकतर स्वसंरक्षणासाठी 20 इंचापेक्षा आखूड नसलेल्या नळीची छऱ्याची बंदूक मागितली तर कलम 13 तुमच्या बाजूनं जरा मोकळं आहे, रिवॉल्व्हर मागितलं की तुम्हालाच धोका का हे वेगळं पटवून द्यावं लागतं. दुसरं म्हणजे रिवॉल्व्हरनं नेम धरायला सतत सराव लागतो, अंधारात, घाबरलेल्या हातानं, झोपेतून उठून तर विचारूच नका. .315 ची रायफल काहीजण सुचवतील, ती वस्तीवर अजिबात नको, तिची गोळी किलोमीटरभर पलीकडेही जीव घेऊ शकते आणि रात्री बागेत पलीकडं कोण पाणी पाजतंय ते दिसत नाही. बारा बोरचं सुद्धा एलजी किंवा एसजी, म्हणजे मोठ्या छऱ्यांचं काडतूस पत्र्याची भिंत पार करून जातं. पत्र्यापलीकडं आई झोपलेली असेल तर त्या बाजूला बार काढताच येणार नाही, हे आजच घरात फिरून बघून ठेवा.

ठेवायची कशी, इथं मी जास्त बोलणार आहे. बंदूक रिकामी, कुलपात. काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली तुमच्याकडं, खुंटीला नाही. पोरांना ट्रंकेतलं सगळं माहीत असतं, आपल्याला वाटतं नसतं. घरात कुणाला दारू असेल तर बंदूक नको. आणि घरात कुणी कर्जानं, आजारपणानं, कशानंही खचलेलं असेल तर ती घरात आणूच नका, आणलेली असेल तर जमा करा. आपल्या शेतकरी घरांतून काय काय होतं हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. तो माणूस तुम्ही स्वतः असाल तरी हेच सांगेन, आणि तेव्हा बोला कुणाशीतरी, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर आहे, मराठीत बोलतात.

मग तुम्ही म्हणाल, कुलपातली बंदूक रात्री काय कामाची. बरोबर आहे, ती हातात यायला वेळ लागतो, आणि तो वेळ चांगलं दार, आतली कडी, अंगणातला सोलर लाईट आणि भुंकणारं कुत्रं मिळवून देतात, त्यामुळं पैसे आधी तिथं घाला. लोड शेडिंगच्या रात्री अंगणात लाईट राहील अशी सोय करा. 112 लावा, आणि गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू असेल तर घरातल्या सगळ्यांचे नंबर नोंदवा, एका फोनवर आजूबाजूच्या सगळ्यांचे फोन वाजतात.

शेवटचा तुमचा प्रश्न, गोळी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आहे, स्वसंरक्षण कलम 34 ते 44 मध्ये. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कुणी घर फोडून आत शिरला, किंवा दरोडा पडला, किंवा जीव जाईल, जबर दुखापत होईल अशी खरी भीती असली, तर हा अधिकार समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत जाऊ शकतो. पण कलम 37 ची मर्यादा कायम असते, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. चोर घराबाहेर पळाला, पाठ फिरवली, बागेतून पळतोय, तेव्हा मागनं बार काढला तर तो बचाव राहत नाही, गुन्हा होतो. विहिरीवरची मोटर, केबल चोरतोय म्हणून गोळी घातली तरी तेच. आणि स्वसंरक्षण होतं हे कोर्टात दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते, साक्ष अधिनियमाचं कलम 108. तरी कायदा तुम्हाला भित्रं व्हायला सांगत नाही, सुप्रीम कोर्टानं 2010 च्या दर्शन सिंग निकालात म्हटलंय की जीवावर बेतलेल्या माणसाकडून तराजूत तोलून वार करायची अपेक्षा धरता येत नाही. असं कधी घडलंच तर लगेच 112 ला फोन, जखमीला दवाखाना, जागा तशीच ठेवा, बंदूक पोलिसांच्या ताब्यात द्या.

प्रश्न : आमच्याकडं कराड तालुक्यात उसात बिबट्या दिसतोय. मालक मुंबईला असतात, ते एअरगन पाठवतो म्हणतात, तिला लायसन लागत नाही म्हणे. घेऊ का? लहान मुलं आहेत.

उत्तर : ताई, .177 बोरची आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीची एअरगन असेल तर लायसन लागत नाही हे खरं. पण बिबट्यासाठी ती घेऊ नका. तिनं बिबट्या मरत नाही, पळेलच असंही नाही, जखमी झाला तर जास्त चवताळतो, आणि तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मधला प्राणी आहे, त्याला मुद्दाम इजा करणं गंभीर गुन्हा. अंगावरच आला आणि जीव वाचवताना मेला तर कलम 11 संरक्षण देतं, तेवढंच. मुलांना अंधार पडल्यावर एकटं बाहेर सोडू नका, परसाकडंला तर नाहीच, शेळ्या-कुत्री बंद गोठ्यात, उसाच्या कडेनं जाताना मोबाईलवर गाणी लावा, बॅटरी हातात. दिसला की 1926 ला वनखात्याला कळवा. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर हात लावू नका, तिथून लांब व्हा, आई बहुतेक रात्री येऊन घेऊन जाते. आणि एअरगनचा छर्रा मुलाच्या डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून घरात नकोच.

प्रश्न : मी माजी सैनिक, सातारा तालुका. लायसनची बंदूक आहे. इलेक्शन आलं की जमा करायची नोटीस येते. द्यावीच लागते का? आणि मुलाच्या वरातीत हवेत दोन बार काढले तर?

उत्तर : कुणाकुणाची जमा करायची हे स्क्रीनिंग कमिटी ठरवते, जामिनावर असलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत नाव आलेले हे आधी बघतात. तुमचं तसं काही नसेल तर तसा लेखी अर्ज जरूर करा, पण नोटीस हातात असताना बंदूक घरात ठेवून वाद घालू नका. मुलगा बंदूक घेऊन जाणार असेल तर लक्षात ठेवा, तुम्ही बरोबर असाल किंवा तुमचं लेखी पत्र असेल तरच, तेही दुरुस्ती, लायसन रिन्यू असल्या कामासाठीच, त्यामुळं जमा करायला तुम्ही स्वतः जा.

वरातीत बार काढायचा विचार सोडा. 2019 पासून लग्नात, मिरवणुकीत असं करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि लायसनही जाऊ शकतं. वर गेलेली गोळी खाली गर्दीतच येते, हे तुम्हाला फौजेत शिकवलेलं आहेच.

जमा करताना पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसं किती ते लिहून घ्या, आचारसंहिता उठली की तीच पावती दाखवून परत आणा.