ग्लिटर एम्बॉसिंग करताना पावडर नको तिथे चिकटते आणि तापवल्यावर चमक जाते, काय चुकत असेल?

तुम्ही विचारलंय की घरी कार्ड करताना स्टॅम्प मारून त्यावर ग्लिटर एम्बॉसिंग पावडर (ओल्या इंकला चिकटणारी आणि तापवल्यावर वितळून उठावदार होणारी चमकीची पावडर) टाकली की ती डिझाइनच्या बाहेर पण चिकटते, बारीक अक्षरं भरून जातात, आणि हीट गन (गरम हवा सोडणारं हातातलं यंत्र) फिरवली की चमक जाऊन नुसता खडबडीत थर उरतो. या तिन्ही गोष्टी माझ्याही बाबतीत झाल्यात, आणि तिन्हीची कारणं वेगवेगळी आहेत, त्यामुळे एक काहीतरी बदलून सगळं सुधारेल असं होत नाही.

चमक जाण्याबद्दल आधी सांगते कारण जास्त कार्डं तिथेच वाया जातात. ग्लिटर एम्बॉसिंग पावडरमध्ये दोन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे पारदर्शक पावडर, म्हणजे तापल्यावर वितळणाऱ्या रेझिनचे बारीक कण, आणि दुसरी चमकी, जी वितळायची नसते. पारदर्शक पावडर गोंदाचं काम करते आणि चमकी त्यात रोवलेली राहते. आता आपण आधी साधी सोनेरी किंवा चंदेरी पावडर वापरलेली असते, ती वितळली की एकदम गुळगुळीत आणि आरशासारखी होते, मग ग्लिटरकडूनही आपण तेच धरून चालतो आणि 'अजून गुळगुळीत कुठे झालंय' म्हणत तापवत राहतो. ग्लिटरवाली पावडर गुळगुळीत होतच नाही हो. नीट जमलेलं ग्लिटर एम्बॉसिंग हाताला थोडं खरखरीतच लागतं. जास्त तापवलं की वितळलेला थर कागदात मुरतो, कडेने तेलकट डागासारखं दिसायला लागतं, चमकीचे कण आत बुडतात किंवा उष्णतेने आक्रसतात, आणि मग ती चमक काही केल्या परत येत नाही.

थांबायचं कधी ते ओळखायला कार्ड उजेडाकडे तिरपं धरा आणि चमकीकडे बघूच नका, चमकीच्या मधली जागा बघा. आधी ती कोरडी, भुरकट दिसते आणि वितळल्या क्षणी ओली झाल्यासारखी दिसते. ओलं दिसलं की लगेच हीट गन पुढच्या भागावर न्यायची, त्याच जागी परत आणायची नाही. सगळं काही सेकंदांत होतं म्हणून त्या वेळी दुसरीकडे लक्ष नको.

आणि हीट गन सुरू केली की लगेच कागदावर धरू नका, आधी दहा-पंधरा सेकंद बाजूला धरून तापू द्या. गार गनने सुरुवात केली तर कोमट वारा बराच वेळ कागदावर येत राहतो, कागद वाकतो, वर चमकी उडते ती वेगळीच. माझी सवय अशी आहे की ग्लिटर असेल तर कागद लाकडी चिमट्यात धरून आधी खालच्या बाजूने तापवायचा, तीन-चार सेंटीमीटर अंतर ठेवून, म्हणजे वितळायला सुरुवात झाली की चमकी जागच्या जागी धरली जाते, मग हवं तर वरून हीट गन एकदा फिरवायची. बोटं लांब ठेवा, कागदही लगेच हातात घेऊ नका. हेअर ड्रायरने होईल का असं बरेच जण विचारतात, तर नाही होत, त्याची उष्णता कमी पडते आणि वारा इतका जोराचा असतो की पावडर वितळायच्या आधीच उडून जाते.

आता पावडर नको तिथे चिकटते त्याचं. कागदावर बोटांचा तेलकटपणा असतो, दमट हवेत कागद ओलावा धरतो आणि स्थिर विजेनेही पावडर ओढली जाते. यासाठी अँटीस्टॅटिक पाउच मिळतो, कापडी छोटी पिशवी असते आत बारीक पावडर भरलेली, ती कागदावरून हलकेच फिरवायची. पण ती स्टॅम्प मारायच्या आधी फिरवायची, नंतर फिरवली तर इंक पसरणार आणि तिचा चिकटपणाही जाणार. पाउच नसेल तर मऊ ब्रशवर अगदी नखभर टाल्कम पावडर घेऊन फिरवली तरी चालतं, नंतर झटकून टाका. दमट दिवस असेल तर कोऱ्या कागदावरून आधी हीट गन एकदा फिरवून तो कोरडा करून घेते मी, गार झाला की मगच पुढचं. एवढं करूनही दोन-चार कण राहतातच, ते तापवण्याआधी कोरड्या बारीक ब्रशने काढा, पाच मिनिटं जातात पण जाऊ देत, एकदा वितळलेला कण खरवडला की कागदाचा पापुद्रा निघतो.

अक्षरं भरून जातात त्यात तुमच्या हाताचा दोष नाही, पावडर आणि स्टॅम्प यांचं जमत नाहीये. ग्लिटर पावडरचे कण जाड असतात, ते बारीक रेषेत बसणार कसे. शुभेच्छांची नाजूक अक्षरं, पानांच्या शिरा असलं काही असेल तर तिथे बारीक कणांची डिटेल पावडर घ्या, चमकी नसलेली. ग्लिटरला भरीव आकाराचे स्टॅम्प लागतात, म्हणजे आत रेषा नसलेला तारा, पूर्ण भरलेलं पान, ठसठशीत जाड अक्षर, मोठ्या पाकळ्या. आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर एका कार्डावर ग्लिटर एकाच ठिकाणी असू दे. फूल चमकतंय तर अक्षरं साध्या इंकमध्ये मारा, सगळंच चमकलं की नजर कुठे ठरतच नाही.

इंक कुठली वापरताय ते तुम्ही लिहिलं नाहीये म्हणून सांगते, डाय इंक, म्हणजे पाण्यासारखी पातळ रंगाची इंक, असेल तर ती कागदात मुरून पटकन वाळते आणि पावडर अर्धवट चिकटते, ठिगळं दिसतात. एम्बॉसिंगची पारदर्शक चिकट इंक किंवा पिगमेंट इंक, म्हणजे कागदावर वरच राहणारी दाट इंक, घ्या, या हळू वाळतात. रंगीत पिगमेंट इंकवर पारदर्शक ग्लिटर पावडर टाकली तर खालचा रंग वर दिसतो, त्यामुळे एकाच डबीत खूप रंग होतात, दहा रंगांच्या ग्लिटर डब्या घ्यायची काही गरज नाही. स्टॅम्प नवा आणि क्लिअर, म्हणजे पारदर्शक प्रकारचा असेल आणि इंक त्यावर थेंबाथेंबाने गोळा होत असेल तर साध्या खोडरबरने त्याचा पृष्ठभाग हलका घासा, मग इंक सारखी बसते. दाबताना खाली पातळ फोम शीट किंवा माउस पॅड ठेवा, ॲक्रिलिक ब्लॉक (ज्यावर स्टॅम्प चिकटवतो तो पारदर्शक ठोकळा) सरळ खाली दाबायचा, डोलवायचा नाही, आणि सरळच वर उचलायचा.

पावडर टाकताना खाली घडी घातलेला साधा कागद ठेवा. सढळ हाताने टाका, कार्ड तिरपं करा, मागून टिचकी मारा, उरलेली पावडर त्या घडीतून परत डबीत. ग्लिटरसाठी हा कागद वेगळाच ठेवा, नाहीतर चमकीचे कण साध्या पांढऱ्या पावडरच्या डबीत जातात आणि मग प्रत्येक कार्डावर नको असलेली चमक येते, माझी एक अख्खी डबी अशी गेली. सांडलेली चमकी ओल्या कागदाने टिपून कचऱ्यात टाका, सिंकमध्ये धुऊ नका, ती बहुतेक प्लॅस्टिकच असते आणि पाण्याबरोबर पुढे जाते.

कार्ड जोडताना एम्बॉसिंग थेट घडी घातलेल्या कार्डावर करू नका, वेगळ्या तुकड्यावर करून मग चिकटवा, बिघडलं तर तुकडाच जातो. बेससाठी २५० ते ३०० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद बरा. ए-४ आडवा अर्धा कापून त्याची घडी घातली की ए-६ आकाराचं कार्ड होतं, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर, सी-६ पाकिटात नीट बसतं. घडीच्या जागी आधी बोन फोल्डरने (घडी पाडायची बोथट चपटी पट्टी) रेघ ओढा नाहीतर जाड कागद फाटल्यासारखा दिसतो. वरचा तुकडा चारही बाजूंनी ३ मिलिमीटर लहान कापला की छान चौकट दिसते. टेप, फोम टेप, मोती हे सगळं तापवण्याचं काम संपल्यावर लावायचं, उष्णतेने चिकटपणा सुटतो. तुकडा वाकला असेल तर पूर्ण गार झाल्यावर वर कोरा कागद ठेवून जाड पुस्तकांखाली रात्रभर राहू द्या.

रंग भरायची आवड असेल तर हेही करून बघा: फुलाची जाड बाह्यरेषा ग्लिटरने एम्बॉस करा आणि आत वॉटरकलर सोडा, वितळलेली रेषा बांधासारखी उभी राहते, पाणी तिच्या बाहेर सहसा जात नाही आणि ज्यांना कडेने रंग भरायला जमत नाही त्यांचंही फूल सुंदर येतं. यासाठी मात्र वॉटरकलरचाच कागद घ्या, साध्या कार्डस्टॉकवर, म्हणजे कार्डाच्या जाड कागदावर, पाणी पडलं की तो फुगतो.

पहिला प्रयोग गडद निळ्या किंवा काळ्या कागदावर एका भरीव ताऱ्याने करा, तिथे कण कुठे चिकटलेत आणि कुठे वितळलंय ते स्वच्छ दिसतं. एकाच पट्टीवर पाच तारे मारा, एक मुद्दाम कमी तापवा, एक मुद्दाम जास्त, आणि ती पट्टी टेबलापाशी लावून ठेवा, मी अजून ठेवते. तरीही चमक जात असेल तर तुमचा कागद आणि इंक कुठली आहे ते लिहा, बघू कुठे अडतंय ते.