पुण्यात बर्फ कुठून आणलास?

प्रश्न : ताई, मी एम.ए.ला आहे, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो. सिल्व्हिया प्लाथ ही अमेरिकन कवयित्री वाचल्यापासून माझ्या कवितांत बर्फच पडतोय. परवा वाचून दाखवल्या, तर एक जण म्हणाला, "पुण्यात बर्फ कुठून आणलास?" सगळे हसले. पण एकटेपण खोटं नाही हो. दोन कविता सोबत पाठवतोय.
– एक वाचक

उत्तर : हसणाऱ्यांचं सोड, पण त्यानं विचारलं ते बरोबरच आहे. प्लाथचा हिवाळा उसना नव्हता. १९६२च्या डिसेंबरात ती दोन लहान मुलांना घेऊन लंडनच्या फ्लॅटमध्ये आली. त्या साली थंडी अशी पडली की नळ गोठले, वीज जायची, घरात फोन नव्हता. ११ फेब्रुवारी १९६३ला तिनं आयुष्य संपवलं. ही तारीख सगळ्यांना पाठ, म्हणून तिची प्रत्येक कविता मरणाची चाहूल म्हणूनच वाचायची खोड लागलीय. मला ते पटत नाही.

त्याआधीच्या ऑक्टोबरातली 'विंटरिंग' वाच. तळघरात मधाच्या सहा बरण्या, आधीच्या भाडेकरूचा खवट जॅम, रिकाम्या बाटल्या. मध काढून घेतलाय, म्हणून मधमाश्यांना साखरेवर जगवायचं. ती साखर 'टेट अँड लाइल' कंपनीची, हेही ती सांगते. कवितेत बर्फ पहिल्यांदा येतो तो या साखरेच्या रूपात! आणि शेवटी माश्या उडतात, त्यांना वसंताची चव लागते. 'एरियल' या तिच्या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितात तिनं हीच कविता शेवटी ठेवली होती. १९६५ला नवऱ्यानं, टेड ह्यूजनं, संग्रह काढताना क्रम बदलला. तिचा क्रम छापून यायला २००४ उजाडलं.

आता तुझं. तुझ्या कवितेत कॉट कुठेय? सकाळी गिझरसाठी लागणारा नंबर? आपल्याकडे थंडी म्हणजे चैन. हुरडा, शेकोटी, सवाईला शाली पांघरून निघालेलं अख्खं गाव. अशा मोसमात एकटं पडणं हे लंडनच्या थंडीत एकटं पडण्याहून वेगळं आहे, आणि ते तुझ्याच वाट्याला आलंय. दुसऱ्या कवितेत 'मेसचा डबा परत गेला' अशी ओळ आहे, तिथे मी थांबले. बाकीचे हिमकडे काढ.

आणि कवितेबाहेरचं एक. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर माझ्या उत्तराची वाट बघू नकोस. घरी सांग, मित्राला सांग, १४४१६ला फोन लाव. ही 'टेलि-मानस' मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पुढच्या कविता टाइप करून पाठव. तुझं अक्षर लागत नाही.