कढीपत्त्यापासून सुरुवात कर

किडे बघून त्यांच्या नोंदी ठेवायच्या तर टिळकवाडीतल्या एवढ्याशा परड्यात काय मिळणार, असं तू विचारलंस. पहिला महिना फक्त कढीपत्त्याचं झाड बघ. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नकोस, ते कॉमन मॉर्मन फुलपाखराचं सुरवंट असू शकतं. शेवटची कात टाकली की तेच हिरवंगार होतं. हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढतं, उग्र वास सोडतं. एकदा बघ, पण रोज त्रास देऊ नकोस. मी तर अजूनही रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथंच उभी असते!

फोटो वरून, बाजूनं आणि जमलं तर पंखांच्या खालूनही घे. तारीख, वेळ आणि किडा कुठल्या झाडावर होता, हे लगेच लिही. झाडाचं नाव राहिलं तर अर्धी नोंद गेली. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना घराचं ठिकाण 'अस्पष्ट' ठेव, म्हणजे नेमका पत्ता इतरांना दिसत नाही. ओळख पटली नाही तर नुसतं 'भुंगेरा' लिहिलंस तरी चालतं, अंदाजानं नाव ठोकू नकोस.

आणि पावसाळ्यात रात्री परसातला दिवा लावून भिंतीवर पांढरी चादर टांग. पतंग किती येतात बघ!