उसाची ट्रॉली नाइट व्हिजनला दिसते का?

गाडीबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात सांगली-मिरज रस्त्यावर ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज चालवणारे आपले सदरलेखक.

प्रश्न : यंदा जुनी पण भारी गाडी घ्यायचं ठरवलंय. पुण्यात एक जर्मन गाडी बघून आलो. तिला नाइट व्हिजन आहे, म्हणून विकणारा चांगलेच जास्त पैसे सांगतोय. माझं रात्रीचं येणं-जाणं भरपूर आहे, कधी सांगली, कधी इस्लामपूर. कारखाने सुरू झाले की रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या. गेल्या हंगामात आमच्या पाहुण्यांची गाडी उभ्या ट्रॉलीला मागून धडकली, थोडक्यात वाचले. नाइट व्हिजन असतं तर हे टळलं असतं का? त्यासाठी पैसे मोजावेत का?
(एक वाचक, आष्टा)

उत्तर : पाहुणे वाचले हे फार बरं झालं. तुमच्या मनातला खरा प्रश्न ट्रॉलीचाच आहे, म्हणून त्याचंच उत्तर आधी देतो. ती ट्रॉली नाइट व्हिजनने बहुधा ओळखली नसती.

कारण असं. नाइट व्हिजन म्हणजे अंधारातलं पुढचं चित्र गाडीतल्या पडद्यावर दाखवणारी यंत्रणा. तुम्ही बघितलेल्या गाडीत बहुतेक उष्णता टिपणारा कॅमेरा असणार. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानाप्रमाणे डोळ्याला न दिसणारे किरण बाहेर टाकत असते. हा कॅमेरा साधारण 8 ते 14 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लहरी पकडतो. त्याला उजेड लागत नाही, हेडलाइटही लागत नाही. माणूस, बैल, कुत्रं, गरम सायलेन्सर, चालून तापलेला टायर या गोष्टी पडद्यावर पांढऱ्या उठून दिसतात आणि थंड गोष्टी काळपट राहतात. म्हणजे तो फरक बघतो. वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षा जेवढी गरम, तेवढी ती ठळक.

आता संध्याकाळी भरून रात्री रस्त्याच्या कडेला लावलेली उसाची ट्रॉली डोळ्यासमोर आणा. ऊस हवेइतकाच गार. लोखंडी सांगाडा गार. ट्रॅक्टरचं इंजिन तापलेलं असतं, पण ते पुढे, दोन ट्रॉल्यांच्या आणि उसाच्या भिंतीच्या पलीकडे. तुमच्या कॅमेऱ्याला मागून दिसते ती फक्त ती गार भिंत. रस्ता दिवसभर तापलेला असेल तर डांबराच्या उजळ पट्ट्यावर एक काळपट ठोकळा दिसेलही, पण तो ओळखायला तुमची नजर त्या क्षणी पडद्यावर हवी. गाडी स्वतःहून इशारा देईल म्हणाल, तर तिचं सॉफ्टवेअर माणूस आणि मोठं जनावर ओळखायला शिकवलेलं असतं. उसाची ट्रॉली त्याच्या ओळखीतली नाही. बैलगाडीचंही तेच. बैल चांगले गरम असतात, पण मागून येणाऱ्याला ते उसाच्या आड जातात. गाडीवान वर बसलेला असला तर त्याचं डोकं तेवढं दिसेल.

मग ही वस्तू कुचकामी आहे का? अजिबात नाही. आपल्या भागात ती खरोखर उपयोगी पडेल अशा जागा आहेत. आटपाडी, जत, माण, खटाव या पट्ट्यात पहाटे-रात्री धनगर मेंढरं घेऊन रस्त्याने चाललेले असतात. आषाढी वारीच्या दिवसांत लोणंद-फलटण भागात दिंड्या अंधारातच वाटेला लागतात. समोरच्या गाडीने अप्पर मारला की दोन-तीन सेकंद आपल्याला काही म्हणजे काही दिसत नाही, आणि कडेने चालणारा माणूस नेमका त्या काळोखात असतो. उष्णतेच्या कॅमेऱ्याला समोरच्याच्या लाइटने झापड येत नाही. या यंत्रणेचा सगळ्यात मोठा गुण मी हाच मानतो. आणखी एक, ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात आणि धूर रस्त्यावर आडवा येतो. धुराचे कण बारीक, या लहरी लांब, त्यामुळे डोळ्यांपुढे धुराचा पडदा असताना पलीकडचा माणूस पडद्यावर दिसतो.

अंतराचा हिशेबही सांगतो, कारण पैशाचं मोल त्यात आहे. ताशी 80 ने गाडी जात असेल तर ती सेकंदाला 22 मीटर कापते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, ते झाले 33 मीटर. मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी 35. म्हणजे 70 मीटरच्या आसपास. डिपरवर गडद कपड्यातला माणूस पन्नास-साठ मीटरवर दिसला तरी नशीब. या यंत्रणांच्या पडद्यावर चित्र तीनशे मीटरपर्यंतचं येतं आणि माणूस ओळखून इशारा साधारण शंभर मीटरच्या आसपास मिळतो. न दिसणारे ते दहा-वीस मीटर त्यातून भरून निघतात. ताशी 100 ला मात्र थांबायलाच जवळपास 97 मीटर लागतात. म्हणजे यंत्रणा आहे म्हणून वेग वाढवला, तर तिने दिलेलं अंतर तुम्ही तिथेच खर्चून टाकलं.

दोन अडचणी ऐकून ठेवा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे रात्रीसुद्धा हवा आणि डांबर इतकं तापलेलं असतं, की माणसाच्या अंगात आणि आजूबाजूला फरकच कमी उरतो. चित्र फिकट पडतं, ओळख चुकते. दुसरी अडचण थंडीतली. घोंगडं पांघरून चाललेल्या माणसाचं अंग आत गरम असतं, पण घोंगड्याचा वरचा भाग हवेइतका गार. पडद्यावर उरतात चेहरा आणि पोटऱ्या. एवढ्यावरून सॉफ्टवेअर त्याला माणूस म्हणेलच याची खात्री मी देणार नाही. आणि खड्डा, दगड, रंग उडालेला स्पीडब्रेकर यांचा भरवसा या कॅमेऱ्यावर टाकूच नका.

गाडी घेणारच असाल तर बघायला रात्री जा. बऱ्याच गाड्यांत ही यंत्रणा अंधार पडल्यावर आणि हेडलाइट लावल्यावरच चालू होते, त्यामुळे दिवसा विकणारा काहीही सांगू शकतो. सोबतच्या माणसाला पन्नास पावलांवर अंधारात उभं करा, मग आडवं चालायला लावा आणि चित्र किती स्वच्छ आहे, इशारा येतो का ते बघा. कॅमेरा पुढच्या जाळीत असतो, कारण साधी काच या लहरी अडवते आणि तो काचेमागे बसवता येत नाही. त्याची भिंग जर्मेनियमसारख्या महाग पदार्थाची असते. तिथे खडी लागून ओरखडा पडलाय का, बंपर पूर्वी बदललाय का हे बारकाईने पाहा. पुढून ठोकलेल्या गाडीत कॅमेरा जागेवरून हललेला असू शकतो आणि तो पुन्हा बसवून जुळवण्याचा खर्च मोठा येतो.

माझं मत विचाराल तर, गाडी बाकी सगळ्या दृष्टीने पसंत असेल आणि नाइट व्हिजन तिच्यात आपसूक येत असेल तर आनंदाने घ्या. ट्रॉल्यांच्या भीतीपोटी त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

प्रश्न : मी पाटणला नोकरी करते आणि महिन्यातून काही वेळा कोयनानगरवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाते, कधी परतायला रात्र होते. गव्यांची भीती वाटते. शिवाय पावसाळ्यात धुकं. नाइट व्हिजनचा मला उपयोग होईल का?
(एक वाचक, पाटण)

उत्तर : ताई, गव्यांसाठी होईल, धुक्यासाठी फारसा नाही.

कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तुमचा रस्ता त्याच जंगलाच्या शेजारून जातो. गवा हजार किलोच्या घरात जाणारं जनावर, पण अंग जवळपास काळं. हेडलाइटचा उजेड त्या कातडीवर पडून परत येतच नाही. दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरे मोजे, आणि तोंड आपल्याकडे असेल तर चमकणारे डोळे. तोंड दुसरीकडे असेल तर तेही नाही. उष्णतेच्या कॅमेऱ्याला मात्र घाटातल्या थंड रात्री एवढं मोठं गरम अंग लांबूनच लख्ख दिसतं, झाडीच्या कडेला उभं असलं तरी. दाट पानांच्या पूर्ण आड असलं तर नाही दिसणार.

धुक्याचं वेगळं आहे. विरळ धुक्यात हा कॅमेरा डोळ्यापेक्षा थोडं पुढचं दाखवतो. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात ढगच रस्त्यावर उतरतो तेव्हा पाण्याचे थेंब एवढे मोठे आणि दाट असतात, की त्या लहरीही त्यात विरतात. वर सगळं ओलं असलं की दगड, रस्ता, झाडं एकाच तापमानाला येतात आणि चित्र सपाट होतं.

तुमची सध्याची गाडी बदलण्याची गरज नाही. धुक्यात अप्पर लावू नका, त्याचा उजेड थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यात येतो. डिपर आणि खालचे फॉग लॅम्प लावा, डाव्या कडेचा पांढरा पट्टा धरून चला. चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर चालू ठेवायची सवय घाटात फार दिसते. ती नको, तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळत नाही. आणि एक गवा रस्ता ओलांडून गेला की लगेच निघू नका. मागून कळप येत असतो. हॉर्न न वाजवता, अप्पर न मारता थांबा.

प्रश्न : ऑनलाइन पाच-सहा हजारांत ‘नाइट व्हिजन’ कॅमेरा मिळतोय. रात्री घालायचे पिवळे चष्मेही मिळतात. घेऊ का?
(एक वाचक, विटा)

उत्तर : या किमतीत उष्णतेचा कॅमेरा मिळत नाही. तो कमी उजेडात बरं चित्र काढणारा साधा कॅमेरा असतो. अपघात झाल्यास पुरावा म्हणून उपयोगी, पुढचं बघायला नाही. काहींना बारीक इन्फ्रारेड दिवे असतात. घरच्या सीसीटीव्हीला असतात तसे, थोड्या अंतराला ठीक. मोबाइलचा पुढचा कॅमेरा टीव्हीच्या रिमोटसमोर धरून बटण दाबा, बहुतेक फोनमध्ये रिमोटचा दिवा जांभळट लुकलुकताना दिसेल. हेच ते किरण. याच तत्त्वावर, पण ताकदीचे दिवे हेडलाइटमध्ये बसवून काही कंपन्यांनी खरी यंत्रणाही केली. टोयोटाने 2002 मध्ये केली, मर्सिडीजने 2005 च्या एस क्लासमध्ये. उष्णतेचा कॅमेरा त्याआधी, 2000 सालच्या कॅडिलॅक डेव्हिल (DeVille) गाडीत आला होता.

पिवळा चष्मा घेऊ नका. 2019 साली अमेरिकेत सिम्युलेटरवर प्रयोग झाला, त्यात पिवळ्या काचेने रात्री पादचारी लवकर दिसला नाही. कसलीही रंगीत काच डोळ्यात येणारा उजेड कमीच करते. रात्री समोरचे दिवे पसरल्यासारखे दिसत असतील तर ते पैसे नेत्रतज्ज्ञाकडे खर्च करा. चष्म्याचा नंबर किंवा मोतीबिंदू निघू शकतो.

त्याआधी गाडीची पुढची काच आतून पुसा. आतल्या बाजूला एक तेलकट थर बसतो, दिवसा दिसत नाही, रात्री समोरच्या लाइटने अख्खी काच पांढरी होते. हेडलाइटच्या प्लास्टिक काचा पिवळ्या पडल्या असतील तर पॉलिश करून घ्या. माझ्याकडे लाइट कमी पडतो म्हणून येणाऱ्या गाड्यांत निम्मं दुखणं इथेच असतं. आणि हॅलोजनच्या घरात बाजारू एलईडी बल्ब कोंबू नका. त्या घराचा आरसा हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेला असतो, दुसरा बल्ब बसवला की उजेड रस्त्यावर पडायचा सोडून समोरच्याच्या डोळ्यात जातो.

प्रश्न : मी ट्रॅक्टरवाला. कारवाले आम्हालाच बोलतात. दोन ट्रॉल्या लावून रात्री कारखान्याला जातो. मागच्याला दिसावं म्हणून स्वस्तात काय करता येईल?
(एक वाचक, पलूस)

उत्तर : तुम्ही विचारलंत याचा मला मनापासून आनंद झाला. कोणत्याही महागड्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त जीव तुमच्या ट्रॉलीवरची टेप वाचवेल, कारण ती प्रत्येक गाडीच्या हेडलाइटला दिसते, मग ती गाडी कितीही जुनी असो.

मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी, अशी रिफ्लेक्टिव्ह टेप लावा. मागच्या ट्रॉलीच्या दोन्ही टोकांना उभी पट्टी हवीच, म्हणजे रुंदी कळते. मधोमध एकच लाल ठिपका असला तर लांबून तो मोटरसायकलीचा दिवा वाटतो आणि कारवाला कडेने काढायला बघतो. टेप खाली, सांगाड्यावर लावा आणि ऊस भरल्यावर लोंबणारं पाचट, वाढं तिथून कापून टाका. गॅरेजमध्ये येणाऱ्या ट्रॉल्यांवर टेप असते, पण भरल्यावर ती पानांच्या मागे जाते. टेपवर चिखल उडतो, तो कारखान्यावर रांगेत थांबला असताना ओल्या फडक्याने पुसा. नवी टेप लावताना आधी गंज घासून पत्रा थिनरने पुसून घ्या, नाहीतर आठवड्यात सुटेल.

दिव्यांचं म्हणाल तर पहिल्या ट्रॉलीपर्यंत वायर येते आणि दुसरी अंधारात राहते, हे नेहमीचं. दोन ट्रॉल्यांमध्ये वायरला थोडी ढील देऊन, सांगाड्याला बांधून, प्लग जोडा. वळणावर ताण बसून ती तुटते, म्हणून ढील. मागच्या ट्रॉलीला दोन एलईडी टेललाइट बसवायला फार खर्च येत नाही.

पंक्चर झालं, ट्रॉलीचा हूक तुटला आणि रस्त्यावरच थांबावं लागलं तर त्रिकोण निदान पन्नास मीटर मागे ठेवा, माणूस उभा करायचा असेल तर रस्त्याच्या बाहेर. चाकाला दगड लावता ते बरोबरच आहे. निघताना मात्र ते दगड स्वतः उचलून साइडपट्टीच्या पलीकडे टाका. रस्त्यात राहिलेला दगड रात्री मोटरसायकलवाल्याला दिसत नाही आणि त्या लाखाच्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही.