ऊर्जा नियोजनासाठी ऑनलाइन नकाशा वापरायला सुरुवात कोठून करावी?

आपण विचारले आहे की इंदूरच्या एका प्रभागासाठी ऊर्जा नियोजनाचा छोटा अहवाल लिहायचा आहे, त्यासाठी ऑनलाइन नकाशे उघडले, पण लेयरची, म्हणजे नकाशावर एकावर एक लावता येणाऱ्या माहितीच्या थरांची, यादी पाहूनच गोंधळ उडाला. तेव्हा सुरुवात कोठून करावी, जीआयएस (नकाशे आणि त्यांवरची माहिती संगणकावर हाताळण्याचे तंत्र) शिकावे लागेल का आणि हे काम मोबाइलवर होईल का. मीही इंदूरचाच आहे, लोकमान्य नगरात राहतो, आणि काही वर्षांपासून ओळखीच्या घरांना व सोसायट्यांना सौर पॅनेलचा हिशेब करून देतो. त्या अनुभवावरून लिहितो.

माझा पहिला आग्रह असा की लेयरच्या यादीला आधी हातच लावू नये. जिची खरी माहिती आपल्या हाताशी आहे अशी एकच जागा, शक्यतो आपलीच गच्ची, निवडावी आणि नकाशा तिच्यावर पारखून घ्यावा. जागतिक बँकेच्या पुढाकाराने तयार झालेला ग्लोबल सोलर ॲटलस यासाठी सर्वांत सोयीचा आहे. तो फुकट आहे. शोधाच्या चौकटीत आधी अक्षांश आणि मग रेखांश घालायचे असतात. इंदूरसाठी २२.७२ आणि ७५.८६. मी पहिल्या दिवशी ते उलटे घातले आणि नकाशा थेट स्वालबार्डजवळच्या ध्रुवीय समुद्रात जाऊन थांबला. तिथे आकडे दिसेनात, म्हणून साधनच बंद पडले असे समजून मी बराच वेळ वाया घालवला.

जागेवर खूण केली की बाजूला आकड्यांची रांग येते. त्यातल्या दोन आकड्यांची गल्लत नवखा माणूस हमखास करतो, कारण दोन्ही किलोवॅट-तासांतच, म्हणजे बिलावरच्या युनिटांतच, दिलेले असतात. जीएचआय म्हणजे एक चौरस मीटर सपाट जमिनीवर पडणारी सौर ऊर्जा, आणि पीव्हीआउट म्हणजे एक किलोवॅट क्षमतेच्या पॅनेलमधून प्रत्यक्ष मिळू शकणारी वीज. आपल्या बिलावरच्या युनिटांशी तुलना करायची ती दुसऱ्या आकड्याची. हे आकडे दिवसाचे आहेत की वर्षाचे, हेही पाहून घ्यावे. इंदूर परिसरात एका किलोवॅटमागे वर्षाला साधारण १५०० ते १६५० युनिट धरायला हरकत नाही.

यानंतर सविस्तर पान उघडून घरगुती संच हा प्रकार निवडला की दर महिन्याच्या विजेचे आलेखातले खांब दिसतात, आणि येथे थोडे रेंगाळावे असे मला वाटते. जुलै-ऑगस्टचे खांब पावसामुळे बुटके असतात, हे कोणालाही समजते. पण मेपेक्षा मार्चचा खांब उंच दिसला की लोक नकाशालाच खोटे ठरवतात. कर्कवृत्त आपल्या थोडे उत्तरेला, उज्जैनच्या बाजूने जाते, त्यामुळे मे महिन्यात दुपारचा सूर्य इंदूरच्या जवळजवळ डोक्यावर असतो, आणि वर्षभराचा विचार करून दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलला तो मार्चइतका समोरून मिळत नाही. शिवाय पॅनेल तापले की त्याची वीज घटते. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हा आपला समज येथे मोडतो.

आता पारख. आमच्या तीन किलोवॅटच्या संचाकडून नकाशाच्या हिशेबाने वर्षाला ४६०० युनिटांच्या आसपास अपेक्षा होती. पहिल्या वर्षी मीटरवर ४१०० च भरली. ॲटलस डोंगराची सावली धरतो, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीची धरत नाही. त्यात पॅनेल धुण्याचा माझा आळसही आलाच. हा फरक आपल्या हातात असला की पुढच्या प्रत्येक आकड्याकडे आपण योग्य नजरेने पाहू शकतो.

आपल्या अहवालाच्या दृष्टीने एक गोष्ट स्पष्टच सांगतो. पीव्हीआउटच्या नकाशाची एक चौकट सुमारे एक किलोमीटरची असते, म्हणून राजवाडा आणि विजय नगर यांच्यातल्या रंगाच्या छटेवरून काही निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे. प्रभागात सूर्य सर्वांना सारखाच असतो, फरक असतो तो गच्च्यांचा, सावलीचा आणि विजेच्या वापराचा. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर सावलीमुक्त जागा लागते, हे धरून उपग्रहचित्रावर गच्च्या मोजाव्यात आणि निदान वीस-पंचवीस घरांवर स्वतः चढून पाहावे.

लेयरकडे वळायचे ते यानंतर. नीती आयोगाने इस्रोच्या साहाय्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये भारताचा भू-अवकाशीय ऊर्जा नकाशा खुला केला. त्यात वीजकेंद्रे, पारेषण वाहिन्या, कोळसा खाणी, तेल व वायूच्या वाहिन्या असे कितीतरी लेयर आहेत. एका वेळी दोनच लावावेत, आणि तेही मनात काही प्रश्न असेल तेव्हाच. उदाहरणार्थ, इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे) काढून २४४ कोटी रुपये उभे केले, ते खरगोन जिल्ह्यातल्या जलूदजवळच्या ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी. नुसता सूर्यप्रकाशाचा लेयर पाहून या प्रकल्पाचे कारण कळणार नाही. नर्मदेचे पाणी जलूदहून उपसून शहरात आणणाऱ्या पंपांचे बिल पाहिले की कळते. नियोजनाची सुरुवात मागणीपासून होते, म्हणून आपल्या प्रभागातल्या पाणीटाक्या, शाळा आणि पथदिवे यांची यादी सूर्याच्या नकाशाआधी तयार ठेवावी.

पवन ऊर्जेवर शहरी प्रभागाने वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. तरीही ग्लोबल विंड ॲटलस उघडलाच, तर दाखवलेला वेग किती उंचीवरचा आहे ते पाहावे, आणि ठळक दिसणारी सरासरी निवडलेल्या क्षेत्रातल्या सर्वाधिक वाऱ्याच्या दहा टक्के भागाची असते, हे विसरू नये. विजेचे प्रमाण वेगाच्या घनावर ठरते. वेग सहाऐवजी पाच मीटर प्रतिसेकंद निघाला तरी वाऱ्यातली ऊर्जा चाळीस टक्क्यांहून अधिक घटते.

जीआयएस आत्ताच शिकण्याची गरज नाही. नकाशावरचे आकडे वहीत उतरवण्याचा कंटाळा येऊ लागला की क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. ॲटलसचे लेयर डाउनलोड करून त्यात उघडता येतात. मोबाइलवर एखाद्या जागेचा आकडा पाहण्यापुरते काम होते, पण बोटाने प्रभागाची हद्द आखू लागलात तर प्रत्येक वेळी नकाशाच सरकतो, तेव्हा त्यासाठी लॅपटॉप आणि माउस घेऊनच बसा.