कुळथातलं प्रथिन किती पचलं, हे कसं मोजतात?

प्रश्न : आमच्याकडे कुळथाची पिठी आणि वालाचं बिरडं नेहमीचं. त्यातलं प्रथिन किती पचतं, हे शौचाच्या तपासणीवरून कळेल का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : अर्धवटच कळेल. जुनी पद्धत अशी : काही दिवस मोजून जेवण द्यायचं, आधी आणि शेवटी कार्माइनचा लाल रंग खायला द्यायचा आणि दोन लाल खुणांमधलं सगळं शौच गोळा करून त्यातला नायट्रोजन काढायचा. नायट्रोजन गुणिले 6.25 म्हणजे प्रथिन. समजा, 10 ग्रॅम नायट्रोजन पोटात गेला आणि 2 ग्रॅम बाहेर आला, तर पचन 80 टक्के. पण त्या 2 ग्रॅममध्ये पाचकरसांचा आणि आतड्याच्या झडलेल्या पेशींचाही वाटा असतो. प्रथिन नसलेल्या जेवणावर तो 1 ग्रॅम भरला, तर पचन 90 टक्के धरायचं.

खरी फसगत पुढेच आहे. लहान आतड्यात न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात. त्यातून झालेला अमोनिया रक्तात शिरतो आणि बराचसा युरिया होऊन लघवीवाटे जातो. शौचात नायट्रोजन कमी दिसतो, पण शरीराला अमिनो आम्लं (प्रथिनाचे घटक) मिळालेलीच नसतात. म्हणून मोजायचं ते लहान आतड्याच्या टोकाशी. तिथवर नाकातून नळी घालणं फार त्रासाचं. बंगळूरच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेत त्यावर दुहेरी समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंची) पद्धत वापरली गेली. पिकाला जड पाणी (जड हायड्रोजन असलेलं पाणी) देऊन दाण्यात जड हायड्रोजन आणतात, सोबत जड कार्बनवाली स्पिरुलिना (एक खाद्य शेवाळ) तुलनेसाठी देतात. जेवण तासातासाला थोडंथोडं द्यावं लागतं, नाहीतर रक्तातली पातळी स्थिरावत नाही. मग जड हायड्रोजन आणि जड कार्बन या दोन खुणांचं रक्तातलं गुणोत्तर भागिले जेवणातलं गुणोत्तर, गुणिले स्पिरुलिनाचं आधी मोजलेलं पचन, म्हणजे दाण्यातल्या प्रथिनाचं पचन. शरीरात अमिनो गटांची अदलाबदल होताना थोडा जड हायड्रोजन गळतो. ती दुरुस्ती राहिली, तर पचन खोटंच कमी भरतं.

याच पद्धतीत साल काढलेल्या मुगाचं पचन जास्त दिसलं. प्रथिनाच्या पचनाआड येणारी टॅनिनं (तुरट द्रव्यं) मुख्यतः सालीत असतात. त्यामुळे मोड आणून सोललेले वाल आणि भाजून, भरडून, पाखडलेला कुळीथ या आपल्या रीती मला अगदी योग्य वाटतात. पिठी मात्र चांगली रटरटू द्या : ट्रिप्सिनला (प्रथिन पचवणाऱ्या पाचकद्रव्याला) अडवणारी द्रव्यं ओल्या उष्णतेने निकामी होतात.

प्रश्न : डॉक्टरांनी शौचातलं इलास्टेज तपासायला सांगितलंय. ते हेच का? – एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. इलास्टेज हे स्वादुपिंडाचं एक पाचकद्रव्य. त्यातून स्वादुपिंड पुरेसं पाचकद्रव्य सोडतं का, हे कळतं. एका ग्रॅमला 200 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आलं, तर शंका घेतात. पातळ जुलाबाचा नमुना देऊ नका. पाण्याने आकडा खोटाच खाली येतो. पाचकद्रव्यांच्या (एन्झाइमच्या) गोळ्या चालू असल्या, तरी या तपासणीसाठी बंद कराव्या लागत नाहीत.